वाळूतले तांडेल

आमच्या आतोबांइतका पट्टीचा दर्यावर्दी साऱ्या तंजावुरात झाला नाही, हे मी कोणत्याही देवळात शपथेवर सांगेन. आता त्यांची होडी वर्षातले सात-आठ महिने कोरड्या वाळूत उभी असे, ही चूक कावेरीची, त्यांची नव्हे! वीस वर्षे परदेशी जहाजांच्या इंजिनघरात काढून ते घरी आले, तेव्हा राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरोघरी रंगीत टीव्ही आणि केबल येत होते. आतोबांनी नागपट्टणमहून जुनी शिडाची होडी आणली, तीही लॉरीवरून, डोलकाठी मागे सहा हात बाहेर. तिरुवैयारूला नदीच्या पात्रात ती ठेवली आणि स्वतः तिच्यात राहायला गेले. आत्याने नुसता कपाळाला हात लावला.

वाळूत असली तरी होडीचा नांगर टाकलेला असे. खाली उभे राहून "वर येऊ का?" असे विचारल्याशिवाय पोस्टमनलाही शिडी मिळत नसे. सकाळी सुकाणूला तेल, दुपारी शिडाला टाके, संध्याकाळी सकाळचे तेल पुसून दुसरे तेल. स्टोव्ह दोन साखळ्यांवर टांगलेला होता, होडी कलंडली तरी कॉफी सांडू नये म्हणून. होडी काही कलंडेना, मग आतोबाच स्टोव्हला धक्का देऊन पाहत. एकदा सगळी कॉफी माझ्या नव्या पँटवर आली.

"वादळाची सवय हवी रे," ते म्हणाले.

"कोठल्या वादळाची, आतोबा?"

"येईल की! घाई काय आहे?"

एका उन्हाळ्यात त्यांनी मोठे शीड वाळूवर पसरले, तर आत्याने त्यावर आपले तांदळाचे खारट वडाम, म्हणजे सांडगे, वाळत घातले. आतोबा असे ओरडले की पलीकडच्या काठावरचे धोबी उभे राहिले. "अय्यो, शिडाला मीठ लागले!"

"का? समुद्रात साखर असते काय?" आत्या म्हणाली आणि उरलेले वडाम घालू लागली.

पण एवढी सारी खटपट होती ती तिच्याचसाठी. ते जगभर हिंडले आणि ती इथे पत्राची वाट बघत बसली, हे त्यांना फार लागले होते. तिला होडीत बसवून कावेरीतून समुद्राकडे न्यायचे, एवढाच त्यांचा ध्यास होता. आत्याची अट एकच, होडीत पाणी येणे थांबेल त्या दिवशी बसेन. आणि पाणी तर दरवर्षी येई.

त्या वर्षी मात्र आतोबांनी कंबर कसली. भर उन्हात फळ्या सुकून बोटभर फटी पडल्या होत्या. त्यांत त्यांनी कापूस आणि डांबर असे ठासून भरले की सुई शिरू नये. लाकूड पाण्यात फुगते, त्याला जागा ठेवावी लागते, हे लोखंडी जहाजात जन्म घालवलेल्या माणसाला कोण सांगणार? धरणाचे पाणी सुटले, होडी तरंगली, आतोबा दोन दिवस छाती काढून फिरले. तिसरा दिवस तमिळ आडी महिन्याच्या अठराव्याचा, कावेरीच्या सणाचा. नदीची पूजा करायला सारा गाव चित्रान्नाचे डबे घेऊन काठावर आला होता. आत्याही आली. आणि तोवर फळ्यांनी फुगून सगळा कापूस बाहेर ढकलला होता. आत घोटाभर पाणी!

आतोबांचा चेहरा बघवेना. "यंदाही नाही. तू घरी जा," ते खाली मान घालून म्हणाले.

आत्याने डब्यातले चित्रान्न माझ्या हातातल्या केळीच्या पानावर उलटे केले, लुगडे वर खोचले आणि माझ्या खांद्याला धरून सरळ होडीत उतरली. "माझे गुडघे पुढच्या आडीपर्यंत थांबतील म्हणून कोणी सांगितले तुम्हास? सोडा दोर!"

ती डब्याने पाणी उपसत होती, ते सुकाणू धरून बसले होते आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. समुद्र कसला, पुढच्या घाटापर्यंत जेमतेम गेले. तेवढ्यात आत्या तीनदा हसली. मी तिला इतके हसताना कधी पाहिले नव्हते.

पुढची आडी तिने पाहिली नाही. त्या वर्षी आतोबांनी फटींत लाकडाला फुगायला जागा ठेवली होती. नदी काठोकाठ भरून आली आणि होडीत पाण्याचा एक थेंब आला नाही. आतोबा दिवसभर काठावर बसून होते. मी म्हटले, "चला, मी येतो बरोबर." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "नको रे. आज ती नाही म्हणाली नसती."