अकरा झाडांचा पंचनामा

ती घटना आठवली नाही असा महिना माझ्या निवृत्तीनंतर गेलेला नाही. कोणी जुन्या केसेस विचारल्या की हीसुद्धा सांगतो, पण दरवेळी त्यातली एक गोष्ट गाळतो. आज गाळणार नाही.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या दक्षिणेला, अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका लहान ठाण्यात मी फौजदार होतो. संक्रांतीच्या आधी टपालाने निनावी अर्ज आला. एका गावच्या प्राथमिक शिक्षकाने परसात गांजा लावला आहे, झाडे काढणीस तयार आहेत, चार दिवसांत माल निघेल. अक्षर वळणदार होतं.

आमच्याकडे तेव्हा एक वाईट सोय रूढ होती. छाप्याला निघण्याआधीच हवालदार पंचनामा लिहून ठेवत. झाडांची संख्या, वजन आणि चतुःसीमा यांच्या जागा कोऱ्या सोडायच्या, तिथं गेल्यावर त्या भरायच्या आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. त्या दिवशीही हवालदारांनी अर्जातलंच वाक्य उचललं : ‘सदर झाडे पूर्ण वाढलेली व काढणीस तयार.’ मी वाचलं आणि मान डोलावली.

परसात गोठ्याला लागून अकरा झाडं होती. गुरुजी शाळेत गेले होते. त्यांची म्हातारी आई आमच्या आडवी आली.

“यप्पा, उपटू नका की! बैलाला हगवण लागली की पाला देतो आमी. बैराग्यानं बी दिल्तं.”

“आजी, लई गुणी बैरागी भेटला की तुला,” हवालदार म्हणाले. “आमाला न्हाय भेटत असला.”

सगळे हसले. मीही हसलो.

गुरुजींना शाळेतून थेट ठाण्यात आणलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी त्यांना उभं ठेवलं. माल कोणाला देतोस, हा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतो.

“साहेब, मला ते झाड ओळखूसुद्धा येत नाही. आईनं लावलंय.”

“म्हणजे आईला अटक करू?”

ते म्हणाले, “घर माझं आहे. नाव माझंच लिहा.”

केस पक्की झाली म्हणून मी समाधानाने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमालाला लेबलं लावण्यासाठी झाडं व्हरांड्यात पसरली होती. लॉकअपमध्ये एक जुना आरोपी होता. गांजा पिकवण्यात आणि विकण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं. गजांमागून तो हसू लागला.

“काय रे, दात काढायला काय झालं?”

“साहेब, ह्यो चारा कुटनं आणला?”

मी एक झाड त्याच्यापुढे धरलं. त्याने तुरा तळहातावर चुरला. भराभर बी गळून फरशीवर पडलं.

“हे बघा. गांजा पिकवणारा नराचं झाड दिसलं की पयलं उपटून टाकतो, बी धरू नये म्हणून. हितं नर तसाच वाळून हुबा हाय. आन तुरा हाताला चिकटतो तवा कापायचं असतंय. ते दीस कवाच गेलं. ह्यो माल वढला तर नुस्तं डोस्कं दुखंल.” त्याने हात झटकले. “लावणाऱ्याला ह्यातलं काय बी कळत न्हाय, साहेब.”

मला लख्ख कळलं. धंद्यासाठी झाडं लावणारा माणूस तयार माल परसात सडू देत नाही. म्हातारी खरं बोलत होती आणि गुरुजीही.

मी हवालदारांना पंचनाम्याचं विचारलं. ते म्हणाले, “आता एक शब्द फिरवला तर पंचनामा ठाण्यात बसून लिहिलाय हे उघडं पडंल. नोकरी तुमची बी जाईल, माझी बी.” मी कागद परत फायलीत ठेवला.

गांजाही तेव्हा दारूबंदी कायद्यातच यायचा; त्याखाली खटला उभा राहिला. झाड माहीत नव्हतं, एवढाच गुरुजींचा बचाव होता. म्हणून न्यायाधीशांनी मला मुद्दाम विचारलं, “झाडं कोणत्या अवस्थेत होती?”

“काढणीस तयार,” मी शपथेवर सांगितलं.

गुरुजी पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होते. मी खोटं बोललो हे त्यांना समजलंही नाही. ते समजायला झाडाची माहिती लागते, आणि ती त्यांना नव्हती. तीन महिन्यांची कैद झाली. शाळा कायमची सुटली.

काही वर्षांनी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका कापडदुकानात ते भेटले. खांद्यावर टेप टाकून गिऱ्हाइकांना कापड फाडून देत होते. “या साहेब,” म्हणाले आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. आई वारल्याचं सांगितलं. जाईपर्यंत म्हणत होती म्हणे, बी मी लावलं आन शिक्षा पोराला. मी सदऱ्याचं कापड घेतलं आणि बाहेर पडलो. ते मी कधी शिवलं नाही.

पुढच्या नोकरीत कोरा कागद घेतल्याशिवाय मी छाप्याला गेलो नाही. हाताखालच्यांनाही जाऊ दिलं नाही. आरोपीच्या बाजूचं जे दिसेल ते आधी लिहायचं, ही सवय लावून घेतली. त्यामुळे काही माणसं सुटली असतील. गुरुजींना त्याचा उपयोग नव्हता.

आता तेही नाहीत. त्यांची मुलं सोलापुरातच आहेत. बाप गांजा विकताना धरला गेला, असंच ती ऐकत वाढली. त्यांच्यासाठी तो पंचनामा पुन्हा लिहितो : परसात अकरा झाडे. नर व मादी एकत्र. तुरे वाळलेले, बी गळून पडलेले. काढणीची मुदत उलटून गेलेली. खालचा पाला तेवढा बैलासाठी खुडलेला.