उसण नव्हती

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या बुऱ्हाणपुरात अशा माणसाच्या पायाला काम असतं. कुणाला उसण भरली, म्हणजे एकाएकी कळ येऊन कंबर धरली, की पायाळूने तिथे तीनदा टाच लावायची. असे तीन रविवार, दोघांनीही काही खाण्याआधी. मी शाळेत गणित शिकवते, असलं काही मानत नाही. पण आमच्या राजपुरा मोहल्ल्यातली एखादी बाई सकाळी कंबर धरून दारात उभी राहिली की तिच्याशी वाद घालण्यापेक्षा पाय लावणं लवकर उरकतं. बहुतेक उसणी आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातात आणि नाव माझ्या पायाचं होतं. एक शेजारीण एकदा म्हणाली, "पोरं तुमच्या हातचा मार खातात, आम्ही पायाचा. निदान आम्हाला पास तरी करा, बाई." मी हसले होते.

माझी धाकटी जाऊ दुसऱ्या वेळी गरोदर होती तेव्हा आठव्या महिन्यात तिची पाठ दुखायला लागली. खांद्यांच्या खाली, मणक्यावर, एकाच जागी. ती बोट ठेवून दाखवायची. आठव्या महिन्यात कुणाची पाठ दुखत नाही? असं मीच तिला म्हणाले. माझ्या दोन्ही खेपांना दुखली होती.

सिझेरियन झालं, मुलगा झाला. दुखणं राहिलंच. घरी मालिशवाली येत होती, तिने निदान करून टाकलं, "ही सुईची पाठ आहे. ऑपरेशनच्या टाईमला पाठीत सुई देतात ना, ती जन्मभर दुखते." रोज तेल, रोज शेक, पोटाला घट्ट पट्टा. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. सासूबाई म्हणायच्या दुधाचा ताप आहे. जाऊ वाळत चालली होती, तर म्हणे पोर ओढून घेतं. प्रत्येक गोष्टीला बाळंतपणाचं कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं वाटत होतं. डॉक्टरकडे न्यायला हवं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. घरात शिकलेली मीच होते.

पाचव्या आठवड्यात सासूबाईंनी मला हाक मारली. "तुझा पाय गावाच्या कामाचा, घराच्या नाही का वं? ती विव्हळू राहिली."

"ही उसण नाही, आई. इतके दिवस उसण राहत नाही."

"मग लावून पाहायला काय जाते?"

काहीच जात नव्हतं. पहिल्या रविवारी जाऊ चौकट धरून वाकून उभी राहिली, मी टाच टेकवली. दुसऱ्या रविवारी तेच. तिने बरं वाटतं असं सांगितलं, पण सोमवारी पुन्हा आडवी. त्या आठवड्यात तिच्या मोठ्या मुलीची वेणी, डबा, सगळ्यांचा स्वयंपाक, सगळं माझ्याकडे होतं आणि वर घरी आणलेले परीक्षेचे पेपर. ती भिंतीला टेकून बसलेली दिसायची. मनात यायचं, पाच आठवडे झाले, किती दिवस बाळंतीण म्हणून बसणार.

तिसऱ्या रविवारी मी पाय लावला तो टेकवला नाही. मारला. फार जोरात नाही, पण त्यात राग होता. ती "आई गं" म्हणाली आणि चौकटीला डोकं लावून उभी राहिली. मी स्वयंपाकघरात गेले.

बुधवारी आंघोळीला बसलेली ती पाटावरून उठू शकली नाही. पाय आपले नाहीत असं म्हणत होती. मी चिमटा काढला, तिला कळला नाही. त्याच दुपारी आम्ही तिला गाडीत झोपवून जळगावला नेलं. पाठीच्या मणक्याचा टीबी निघाला. एक मणका आतून पोखरला होता, तो खचून मज्जारज्जूवर बसला होता.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाठीवर कुणी दाबलं, पाय दिला?" त्यांनी ते इतक्या सवयीने विचारलं की वाटलं, अशी माणसं त्यांच्याकडे नेहमी येत असावीत. सासूबाई म्हणाल्या, "नाही हो साहेब, फक्त तेल." दीर खाली बघत होते.

"मी दिला," मी म्हणाले. "तीन रविवार. शेवटचा जोरात."

त्यांनी लिहून घेतलं. मी विचारलं, त्यामुळे झालं का? ते म्हणाले, "मणका खचणारच होता. कधी, ते मला सांगता येणार नाही. दोन महिने आधी आणायला हवं होतं."

ऑपरेशन झालं, मणक्यात सळ्या घातल्या, दीड वर्षाची औषधं सुरू झाली. बाळाला अंगावर पाजायला डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं. तरी टीबी लागेल म्हणून सासूबाईंनी मूल उचलून नेलं आणि बाटली लावली. दूध आटेपर्यंत जाऊ छातीला कपडा बांधून पडून होती. मी भांडले, पण उशिरा भांडले.

पुढे लालबागेतल्या फिजिओथेरपिस्ट बाई यायला लागल्या. कुशीवर कसं वळायचं, हातांवर भार देऊन कसं बसायचं, हे त्यांनी मला शिकवलं. नुसतं तेल चोळून काही होत नाही, हालचाल करायची, रोज करायची, असं त्या सांगायच्या. आठवड्यातून तीनदा त्या करतात, बाकीचे दिवस मी. शाळेतून आले की आधी तिचे पाय, मग चहा.

गेल्या महिन्यात मी तिचा डावा पाय धरून गुडघ्यात वाकवत होते. ती म्हणाली, "दीदी, डॉक्टरसमोर कशाला बोललात तुम्ही? तुम्ही तर फक्त टेकवला होता."

"तिसऱ्या रविवारी नाही."

"माहीत आहे. लागला होता." तिने डोक्याखालची उशी सरकवून घेतली. "मला वाटलं, जोरात लागला म्हणजे या वेळी उतरेल."

मी पाय सोडला आणि तिला स्वतःहून उचलायला सांगितलं. उजवा वीतभर येतो. डावा चार बोटं.

मुलगा आता चालतो. ती वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते आणि परत येते. त्याला उभ्याने उचलून घ्यायचं होतं तिला, सुरुवातीपासून तेवढंच म्हणत होती. परवा फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं की पायांत जेवढं बळ यायचं होतं तेवढं बहुतेक आलं आहे. हे टिकवायला व्यायाम मात्र चालू ठेवावा लागेल. हे तिला कोण सांगणार, असं त्यांनी विचारलं. मी सांगते म्हणाले. त्याच दिवशी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मुलाला तिच्या मांडीवर ठेवायला सांगितलं. मी ठेवला.