लेकीचा उजवा हात

मोहाच्या बियांचं तेल गरम झालं, की मूल गावाजवळच्या माहेरची ती सकाळ आठवते. आई माझ्या पाच दिवसांच्या लेकीला पहिल्यांदाच मालिश करत होती. बाळाचा डावा हात तिनं बाळाच्याच उजव्या पायाला टेकवला. उजवा हात मात्र सोडला की लुळा पडायचा. दवाखान्यात नेलं, तर माझं बाळंतपण करणारे डॉक्टर म्हणाले, “नस दुखावली आहे. मालिशीत ओढला असेल.” आई म्हणाली, “मी तं आजच हात लावला न जी!” बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “केस करू या डॉक्टरवर.” जन्मताना बाळाचा खांदा अडकला तेव्हा डॉक्टरांनी ओढलं होतं; पण किती जोरात, ते मला काही केल्या आठवेना. आईच्या हातून तर नसेल झालं? काल, इतक्या वर्षांनी, लेक त्याच तेलानं आजीचे गुडघे चोळत होती, एकट्या डाव्या हातानं. आई तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.