पोळ्याचा पिच्चर

मुरुडच्या सटवाजीला पिच्चरचं वेड होतं, आणि तेही एकाच पिच्चरचं. त्यात हरण्या नावाचा बैल होता. बाकीची माणसं सटवाजीच्या मते उगीच खोगीरभरती. दर पोळ्याला बैलांना पुरणपोळी चारून झाली की तो टीव्हीचं तोंड अंगणाकडं करायचा आणि बैलांसकट पिच्चर बघायचा.

पिच्चर दोन सीड्यांवर होता, लातूरहून आणलेल्या. विकणाऱ्या पठ्ठ्यानं पहिलीवर दोन आणि दुसरीवर एक, असे आकडेच उलटे टाकलेले. त्यामुळं सटवाजीच्या पिच्चरमध्ये हरण्या आधी मरायचा, मग वासरू होऊन गोठ्यात उड्या मारायचा, मोठा होऊन शंकरपटाची शर्यत जिंकायचा, आणि पडद्यावर 'मध्यंतर' अशी अक्षरं यायची.

"नटांची नावं मधीच कशी येतेत हो?" बायकोनं, सिंधुनं, एकदा विचारलं.

"बैल पुन्हा जलमला, नावं नको का सांगायला?"

"आन् शेवटाला मध्यंतर?"

"जिवाला कुठं शेवट असतोय? मध्यंतरच असतंय."



यंदाच्या उन्हाळ्यात सटवाजीचा मोत्या गेला. अंगणातच वासराचा बैल झालेला. दावणीला जोडीदार सोन्या एकटा राहिला आणि मोत्याच्या रिकाम्या खुंट्याकडं सटवाजीला बघवेना. त्याला आस होती ती पोळ्याची. हरण्या पुन्हा उठलेला दिसला की मोत्याचंही कुठंतरी बरं चाललं असेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. हे बोलून दाखवलं असतं तर गावानं वेड्यात काढलं असतं, म्हणून तो गप्प होता.

आणि दैव असं, की ऐन पोळ्याला सीडीचा डबा बंद पडला. नवी सून पुनम म्हणाली, "मामा, मोबाइलवरून लावून देते की."

लावला, तर आधीच वासरू आलं.

"उलटा लावलीस बाई."

"सरळच हाय मामा."

शंकरपट झाला, मध्यंतर आलं, आणि पिच्चर थांबायचं सोडून पुढंच निघाला. शेवटी हरण्या बांधावर कोसळला. पडद्यावर आलं, 'समाप्त'.

पुनमला सीड्यांची भानगड कळली. ती खुदकन हसली आणि समजावून सांगायला लागली. पण सासऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. इतक्या वर्षांत तो या जागी कधी रडला नव्हता. पुढं वासरू येणार हे ठाऊक असायचं ना.

"मेल्यावर काय होतंय मंग?" त्यानं रुमालाच्या शेवानं नाक पुसत विचारलं.

"काहीच न्हाई मामा. संपला."

"संपतोय कसा? पयल्यापासून लाव."

पुनमनं लावला. नावं सरकली, गोठा दिसला आणि वासरू टुणकन उभं राहिलं.

"हां! मी काय म्हनलो व्हतो?" सटवाजीनं मांडीवर अशी थाप मारली की सोन्यानंही मान वर केली.

पुन्हा शंकरपट झाला. मध्यंतर आलं तसा सटवाजी उठला आणि त्यानं मोत्याचा खुंटा हलवून घट्ट आहे का ते बघितलं.

"बंद कर पोरी," तो म्हणाला. "हाळीच्या जनावरांच्या बाजाराला जाऊन एक वासरू बघावं म्हनतो."