मावशीच्या दोन टोप्या

पाण्याला न घाबरणारी माणसं अकोल्यात पुष्कळ असतील, पण पाण्यात उतरण्याआधी पाण्यालाच धाक घालणारी एकच, ती म्हणजे माझी मावशी. तिचे केस कमालीचे कुरळे. अकोटजवळच्या खेड्यात लहानपणी ती विहिरीत पोहायची, आणि नंतर गुंता काढता काढता माझी आजी रडकुंडीला यायची. एके दिवशी आजीनं कात्री घेतली आणि सगळे केस कापून टाकले. मावशीचं पोहणं त्या दिवशी सुटलं. ते तिनं पुन्हा धरलं थेट छप्पन्नाव्या वर्षी. जठारपेठेतल्या घरातून ती रोज सकाळी टँकवर जाऊ लागली, आणि या वेळी पोहणंही सोडायचं नाही, केसही, असा तिचा निश्चय होता.

त्या निश्चयाचा थाट मोठा असे. आधी नळाखाली बसून केस साध्या पाण्यानं चिंब करायचे, त्यावर बोटभर खोबरेल चोळायचं, वेणी घालून डोक्याभोवती गुंडाळायची. वर जुन्या परकराच्या सॅटिनची घरी शिवलेली टोपी आणि तिच्यावर रबरी टोपी. ही दुसरी चढवायला दोन बायका लागत. ओळखपाळख असायलाच हवी असं नाही, जवळ असेल तिला हुकूम सुटे, "धर वं इकडून, वढ!" टँकवर पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं, एवढं कशासाठी? मावशी म्हणाली, "तहानलेल्या मानसाले घरूनच पानी पाजून धाडलं, तं थो नालीचं पीत नाई. केसाईचंबी तसंच हाये, मंग थे टँकचं औषधाचं पानी पीत नाईत." टँकच्या माणसानं तेलाला हरकत घेतली, तर त्यालाच तिनं बजावलं, "पान्यावर एक थेंब दिसला तं सांगजो!" तो बिचारा म्हणे आठवडाभर पाण्याकडे टक लावून बसला होता.

माझे केस तिच्यावरच गेलेत. पण अमरावतीत नोकरी लागली तेव्हा मी ते पार्लरमध्ये जाऊन सरळ करून घेतले, आणि ऑफिसात कुणाला पत्ता लागू दिला नाही. पुढे ऑफिसातल्या दोघींबरोबर मीही पोहायला जाऊ लागले. महिन्याभरात डोक्याचा खराटा झाला.

अशात मावशी चार दिवस राहायला आली. रविवारी सकाळी पिशवी भरून तयार. "चाल, मीबी येतो."

टँकवर पोचताच ती नळाकडे वळली आणि मी भराभर पुढे निघून मैत्रिणींजवळ जाऊन उभी राहिले. त्यांचं लक्ष तिकडे गेलंच. एकीनं मला कोपरानं ढोसलं. "ते परकराचं काय चढवतेय गं डोक्यावर? तुझ्यासोबत आली ना ती?"

"छे गं," मी म्हटलं. "मी नाही ओळखत."

मागे वळले तर मावशी दोन हातांच्या अंतरावर उभी. हातात रबरी टोपी. ती ओढायला मला बोलवायलाच आली होती.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, जरा टोपी वढू लागता का? एकटीनं नाई जमत."

जन्मल्यापासून जिनं मला "काय वं पोट्टे" याखेरीज हाक मारली नाही, तिनं मला ताई म्हटलं, वर अहोजाहो केलं. एका बाजूनं मैत्रिणीनं टोपी धरली, दुसऱ्या बाजूनं मी. "उपकार झाले," म्हणून ती पाण्यात उतरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सपसप गेली की दोघी बघतच राहिल्या. "काय पोहते गं ही बाई!" तेव्हा तरी मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं.

परतताना ती फाटकापाशी थांबली नाही. मैत्रिणी निघून जाईपर्यंत पुढच्या वळणावर उन्हात उभी राहिली. रिक्षात माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, वांग्याचे भाव विचारले.

दुपारी तिनं मला खाली बसवलं आणि बोटांनी माझे केस सोडवायला घेतले. मुळाशी नवे कुरळे केस फुटत होते. ते तिला दिसले असणार. बोटं तिथं जरा रेंगाळली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, काही केल्या थांबेना.

"दुखलं का वं?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिनं हात आणखी हलका केला.