टेनिसचा अंदाज सांगणारे काका

ती केस आजही माझ्या डोक्यातून जात नाही. शिकागोच्या उपनगरांत मी उभी हयात पोलिसांत काढली. मारामाऱ्या पाहिल्या, घरफोड्या पाहिल्या, एकदोन खूनही उलगडले. ते सगळं आता धूसर झालंय. हे प्रकरण साध्या फसवणुकीचं होतं, पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. पण जेवायला एकटा बसलो की ते आठवतं, आणि बायको गेल्यापासून मी रोज एकटाच बसतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, वडील हवालदार. विशीत बहिणीकडे इकडे आलो, एका नातेवाइकाच्या मोटेलात चादरी बदलल्या, नागरिकत्व मिळाल्यावर पोलीस भरतीची परीक्षा दिली. आमच्या ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे देशी नावाची कुठलीही फिर्याद आली की ती माझ्या टेबलावर. फिर्यादी तेलुगू असो नाहीतर पंजाबी, सगळे माझ्याच गळ्यात. सांगून सांगून थकलो, की बाबांनो, भारत म्हणजे एक गल्ली नव्हे.

मे अखेरीला, पॅरिसची टेनिस स्पर्धा चालू असताना, एक बाई ठाण्यात आल्या. पुण्याच्या, आयटीत नोकरी करणाऱ्या. म्हणाल्या, "सर, माझे मिस्टर टेनिसवर बेटिंग करतात. घराच्या डाउन पेमेंटचं सगळं सेव्हिंग त्यात गेलं. आता ते माझ्याशी धड बोलतही नाहीत."

मी त्यांना सांगितलं, की पैज लावणं इथे कायदेशीर आहे. नवऱ्याला अक्कल नसणं हा काही गुन्हा नाही.

बाई खमक्या होत्या. त्यांनी फोन पुढे केला. पैसे भरून ज्यात शिरता येतं असा एक ग्रुप होता. त्यात एका वयस्कर मराठी गृहस्थाच्या आवाजातल्या क्लिपा यायच्या. हा खेळाडू मातीच्या कोर्टवर किती टिकतो, डावखुऱ्याविरुद्ध कसा खेळतो, पाच सेटपर्यंत सामना गेला की त्याचं काय होतं, असं सगळं आकडेवारीनिशी. ग्रुपमधले लोक त्यांना 'सर' म्हणायचे. बाईंचा भाऊ टेक्सासमध्ये, प्लेनोला राहायचा आणि मौज म्हणून अशाच एका ग्रुपमध्ये होता. नवऱ्याने ज्या सामन्यावर पैसे लावले होते, त्याच सामन्याची भावाला आलेली क्लिप बाईंनी मला ऐकवली. आवाज तोच. फक्त जिंकणारा खेळाडू दुसरा.

इथे मी खुर्चीत सरळ बसलो. अर्ध्या लोकांना एक सांगायचं, अर्ध्यांना दुसरं. ज्यांचं बरोबर आलं ते पुढच्या स्पर्धेला आणखी पैसे भरणार, बाकीचे कपाळ बडवून गप्प बसणार. युक्ती जुनीच, आवाज तेवढा नवा.

फिर्याद नोंदवली, कोर्टाकडून वॉरंट घेतलं. ग्रुप चालवणाऱ्याच्या खात्यातून कापलेल्या क्लिपा मिळाल्या आणि न कापलेली मूळ संभाषणंही मिळाली. तो एका प्रीपेड फोनवरून बोलत होता, नाव नाही, पत्ता नाही. पण त्या फोनवरून सदानकदा एकाच नंबरवर फोन जात होता. जवळच्याच शॉमबर्गमधल्या एका घराची लँडलाइन.

त्या घरात ते काका सापडले. नागपूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, ग्रीन कार्डावर मुलाकडे राहणारे. पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेली. मुलगा आणि सून दिवसभर ऑफिसात, नातवंडं शाळेत आणि नंतर क्लासेसना. घर एवढं मोठं, की आम्ही बेल वाजवली तेव्हा काकांना दारापर्यंत यायलाच वेळ लागला. मुलगा वाईट नव्हता हो. बापाला काही कमी पडू दिलं नव्हतं. फक्त घरात कोणी नसायचं.

काका ठाण्यात आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मुलाने नेमलेला वकील शेजारी बसला होता, त्यांनी त्यालाही बोलू दिलं नाही. माझा ठाण्यातला साथीदार पोलिश घराण्यातला, आडदांड पण मनाने सरळ. तो प्रश्न विचारायच्या आतच काकांनी मला मराठीत सांगितलं, "साहेब, सगळं मीच केलं. एकट्याने. यात दुसरं कोणी नाही."

"ग्रुप तुम्हीच काढलात?"

"हो."

मी माझा फोन त्यांच्यापुढे ठेवला. "मग मला एक काढून दाखवा."

काकांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला, आणि अलगद परत टेबलावर ठेवला. "सवय राहिली नाही," म्हणाले. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारी माणसं मी ढिगाने पाहिली होती. दुसऱ्यासाठी एवढं वाईट खोटं बोलणारा माणूस क्वचितच दिसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ आली होती आणि संन्यासी स्वतःच मान पुढे करत होता. फसवणुकीत सामील ठरले असते तर ग्रीन कार्ड जाऊन त्यांना परत पाठवलं असतं, आणि नागपूरला आता त्यांचं कोणी नव्हतं. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

दरम्यान संभाषणांचं इंग्रजी भाषांतर आलं. माझ्या साथीदाराने ते रात्रंदिवस वाचलं आणि मोठ्या उत्साहाने मला फळ्यापाशी नेलं. प्रत्येक संभाषणाच्या सुरुवातीला म्हातारा विचारतो, जेवलास का? मग समोरचा पदार्थांची नावं सांगतो. पठ्ठ्याने फळ्यावर एका बाजूला पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला टेनिसपटू लिहून मधे बाण काढले होते. पिठलं म्हणजे अमुक, भेंडी म्हणजे तमुक. "हा कोड आहे," तो म्हणाला.

मी पोट धरून हसलो. "अरे बाबा, हे जेवण आहे. आमच्यात फोनवर असंच विचारतात."

"रोज?"

"रोज."

"पण का?"

त्याला काय सांगणार कपाळ! बिचाऱ्याच्या आईनेही त्याला रोज विचारलं नसेल. पण त्याच्या त्या फळ्यामुळे एक झालं. मी टेनिसचा भाग सोडून दिला आणि नुसतं जेवणाचं बोलणं ऐकायला बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत होती.

जानेवारीतलं एक संभाषण होतं. ऑस्ट्रेलियातली स्पर्धा तोंडावर आली होती. काकांनी विचारलं, जेवलास का? फोनवरचा पोरगा म्हणाला, "हो काका, आज डब्यात भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी होती. मला तिळाची ॲलर्जी आहे ना, म्हणून मावशींनी माझ्यापुरती बिनतिळाची केली."

काका म्हणाले, "भोगीला तीळ नाहीत? अरेरे. पण असो, कोणी आठवणीने केली हे काय कमी आहे?"

आमच्या भागात घरून डबे देणाऱ्या बायका पुष्कळ. पण भोगीला बाजरीची भाकरी थापणारी मराठी मावशी मला एकच सापडली. मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, तीळ कोणाला चालत नाहीत? त्यांनी लगेच नाव सांगितलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "काय केलं हो त्याने? चांगला मुलगा आहे. डबा धुऊन परत देतो."

पोरगा तिशीतला, मुंबईचा. एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहायचा. दार उघडून माझा बिल्ला पाहिला आणि खालीच बसला. नोकरी गेली होती, व्हिसाची मुदत गळ्याशी आली होती. आधी स्वतःच जुन्या निकालांची आकडेवारी मांडून पैज लावायचा, त्यात साफ बुडाला. मग त्याला कळलं, की पैज लावण्यापेक्षा अंदाज विकणं बरं. काकांची गाठ मराठी मंडळाच्या एका फोन-यादीवरून पडली होती, ज्येष्ठांना फोन करून विचारपूस करायच्या उपक्रमातून. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

काकांची पद्धत मास्तरांची. आधी एका खेळाडूची बाजू मांडायची, मग तेवढ्याच जोरात दुसऱ्याची. पोरगा कात्री लावायचा. एक अर्धा इकडे, दुसरा अर्धा तिकडे.

मी त्याला विचारलं, "मोठ्या स्पर्धा वर्षातून चार. तू फोन रोज करायचास. बाकीचे दिवस कशाला?"

"सवय झाली होती," तो म्हणाला. त्याच्या अख्ख्या जबाबातलं तेवढं एकच वाक्य मला पूर्ण खरं वाटलं.

आता काका सुटणार असं मी धरून चाललो होतो. सुरुवातीच्या सगळ्या मूळ संभाषणांत दोन्ही बाजू सांगून झाल्यावर काका बजावायचे, "आता नीट ऐक. पैजेचा भाव ठरवणाऱ्या कंपनीकडे हेच आकडे आहेत आणि माझ्यासारखी पन्नास माणसं नोकरीला आहेत. जे आपल्याला दिसतं ते त्यांनी भावात आधीच धरलेलं असतं. आणि दोन खेळाडूंची गाठ पडून पडून किती वेळा पडते? शितावरून भाताची परीक्षा होते, टेनिसची होत नाही. पैसे लावू नकोस." हे वाक्य काकांना तारणारं होतं. पण फेब्रुवारीनंतरच्या संभाषणांत ते कुठेच नव्हतं. मी पुन्हापुन्हा ऐकलं. नव्हतंच.

सरकारी वकिलीणबाईंनी नेमकं तेच विचारलं. काकांचा वकील आधीच म्हणाला होता, की विसरलो म्हणा, वय झालंय, कोणालाही पटेल. त्यांचा मुलगा त्यांच्याशेजारी हात जोडल्यासारखा बसला होता. "बाबा, प्लीज. जस्ट से यू फरगॉट."

काका त्याच्याकडे पाहून म्हणाले, "मी काही विसरलो नाही रे." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही यांना इंग्रजीत नीट सांगा. फेब्रुवारीत मी त्याला जरा रागावून बोललो होतो. म्हटलं, हा सगळा मूर्खपणा आहे, पुन्हा टेनिसचं विचारू नकोस. त्यानंतर आठवडाभर त्याचा फोन आला नाही. मी दुपारी फोनजवळ बसून राहायचो. मग आला, तेव्हा मी ते वाक्य सोडून दिलं. कोणाचे पैसे बुडतायत हे मला माहीत नव्हतं, पण आपला अंदाज कवडीच्या लायकीचा आहे हे मला पूर्ण माहीत होतं."

मी ते शब्द न शब्द इंग्रजीत सांगितलं. मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला. वकिलीणबाईंनी पेन खाली ठेवलं. शेवटी त्यांनी काकांवर आरोप ठेवला नाही, साक्षीदार म्हणून घेतलं.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या दारातून आम्ही आत जात होतो. बाजूने तो पोरगा आपल्या वकिलाबरोबर आला. त्याने एका म्हाताऱ्या गृहस्थासाठी दार धरून ठेवलं. "आफ्टर यू, सर," म्हणाला आणि काका आत गेल्यावर पुढे निघून गेला. त्याने त्यांना ओळखलंच नव्हतं. काका मात्र आवाज ऐकून जागीच थांबले.

"तोच ना?"

"तोच."

"बोलू का त्याच्याशी?"

"नाही, काका. साक्षीदाराला आरोपीशी बोलता येत नाही."

त्यांनी मान हलवली. "बारीक आहे फार," एवढंच म्हणाले. साक्ष त्यांनी खणखणीत दिली, स्वतःला एका शब्दानेही सोडलं नाही.

पोराला शिक्षा झाली. ती भोगून झाल्यावर त्याला भारतात परत पाठवणार हेही ठरल्यासारखंच होतं.

आमच्या खात्यात शिकवतात, की माणूस पैशासाठी, बाईसाठी नाहीतर रागापोटी गुन्हा करतो. नव्या पोरांना मी यात एक भर घालून सांगायचो. आपल्याशी कोणीतरी बोलावं म्हणूनही माणूस चुकतो, आणि तो चांगल्या घरातला, शिकलेला, बरंवाईट कळणारा असला तरी चुकतो. पोरं मान डोलवायची. त्यांना ते कळलं असेल असं मला वाटत नाही. मलाही त्या वयात कळलं नसतं.

केस बंद झाल्यावर मी एकदा काकांकडे गेलो. त्यांच्या जबाबाची प्रत द्यायची होती. मुलगा घरी होता, त्या दिवशी मुद्दाम लवकर आला होता. त्याने चहा केला. मला म्हणाला, "सर, तुम्ही तरी बाबांना सांगा. हा लँडलाइन नंबर अशा लोकांमध्ये फिरला असेल. उद्या आणखी कोणीतरी स्कॅम करेल. मी चेंज करायला घेतोय, तर ऐकत नाहीत."

मुलाचं म्हणणं बरोबर होतं. कुठल्याही पोलिसाने हाच सल्ला दिला असता. मी तसं बोलायला सुरुवात केली, तर काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "भारतातून लावला तरी हाच नंबर लागतो ना?"

"लागतो," मी म्हटलं. "आधी इथला कोड लावावा लागतो."

"ते त्याला माहीत असेल," काका म्हणाले, आणि त्यांनी चहाचा कप उचलला.