आखाजी, घासणारं कॅरिअर आणि मांडीवरचं खापर

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. पण धुळ्याच्या माझ्या नणंदेचा, मंदाचा, पाय प्लास्टरमध्ये होता. म्हणून यंदा माहेरच तिच्याकडे न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. ह्यांना निघायची वेळ सांगितली. सासूबाईंच्या मागे राहिलेलं त्यांचं खापर न्यायचंच होतं. पुरणपोळी भाजायचं हे मातीचं भांडं वर्षानुवर्षं तापून तयार झालेलं. नव्याला पोळी चिकटते. ते फुटलं तर दुसरं नाही.

आमच्या गाडीला मागे हुकात बसणारं लोखंडी कॅरिअर आहे, उघड्या ट्रेसारखं. अन्नाला पाय लागू नये म्हणून गव्हाचं पोतं, डाळ, गूळ सगळं मी त्यावर चढवलं. पोतं धुळ्यात आधी उतरवायचं, म्हणून अगदी बाहेरच्या टोकाला. खापर गोधडीत गुंडाळून मध्ये. काय ती शिस्त! मीच दोनदा कौतुकाने पाहिली.

सकाळी सातला असोद्याहून निघालो. पहिल्याच गतिरोधकावर मागून खर्रर्र.

"हळू घ्या!" मी बजावलं.

"याहून हळू म्हणजे उतरून ढकलावी लागेल," हे म्हणाले.

जळगावपुढे रस्ता रुंद आणि गुळगुळीत, कॅरिअरही गप्प. एरंडोलला पोह्यांसाठी हॉटेलाच्या चढावर वळलो आणि ठण्णकन आवाज आला. मी धावत जाऊन गोधडी सोडली. खापराच्या काठाचा नखाएवढा टवका उडाला होता. बोटाने वाजवून पाहिलं. आवाज खणखणीत, चीर नव्हती. मग मी श्वास घेतला.

शेजारीच वेल्डिंगचं दुकान. तिथले नाना वाकून बघत म्हणाले, "अक्का, बठ्ठं वजन शेपटीवर शे. मंग घसाई नही ते काय?"

सगळं वजन टोकाला! आणि मी एकतीस वर्षं शाळेत तरफ शिकवली. टेकूपासून वजन जितकं लांब, तितका त्याचा जोर जास्त, हे फळ्यावर काढून. हे रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. बोलले असते तर परवडलं असतं.

नानांनी हुक आणि कॅरिअरच्या मध्ये पायरीसारखा लोखंडी तुकडा जोडला. ट्रे चार बोटं वर आला. दोन चहा आणि सहाशे रुपयांत काम झालं. वर सल्ला: जड ते गाडीला चिकटून, हलकं टोकाला, गतिरोधक तिरका घ्यायचा म्हणजे एकेक चाक चढतं. "आन् पोतं आत घ्या."

"पायाशी? गहू?"

"मंग पाय वर घ्या, अक्का."

घेतले. पारोळा मागे पडला, धुळं आलं, तोवर मी मागच्या सीटवर मांडी घालून, मांडीवर खापर. गाडी कुठेही घासली नाही. फक्त धुळ्याला माझे पाय उलगडेनात. मंदा वॉकर टेकत दारात आली आणि तिनेच मला हात दिला.

"वहिनी, प्लास्टर नक्की कोणाला घातलंय?"

दुसऱ्या दिवशी पोळ्या झाल्या. एकही चिकटली नाही. मंदाने टवक्यावरून बोट फिरवलं, बराच वेळ. "आईचा ओरडा ऐकू येतोय मला," म्हणाली आणि तिसरी पोळी वाढून घेतली.

परतताना कॅरिअर रिकामं होतं, तरी प्रत्येक गतिरोधकावर मी श्वास रोखत होते. खापर मंदाने ठेवून घेतलंय. पुढच्या आखाजीला ती स्वतः आणणार, एसटीने, मांडीवर. कॅरिअरवर तिचा विश्वास आहे म्हणे. सामान लावणारीवर नाही.